बारा फुटांवरून पडणाऱ्याचा मालक कोण?

नीरा आणि भीमा जिथे मिळतात त्या नरसिंहपुरात चैत्र-वैशाख हा रंगकामाचा हंगाम असतो. वैशाख शुद्ध चतुर्दशीला नरसिंह जयंती, दुसऱ्याच दिवशी बुद्ध पौर्णिमा, आणि त्याआधी १४ एप्रिल. गावातले जुने वाडे, वस्तीतली घरे, विहार, सगळ्यांना एकाच वेळी रंग हवा असतो. मागे पावसाळा उभा असतो, त्यामुळे गच्चीचे वॉटरप्रूफिंग, पत्र्यांची डागडुजी आणि टाकीची सफाईही याच दिवसांत उरकायची असते. ही कामे करणारी मुले बहुतेक आपल्याच वस्त्यांतली आहेत. गावात काम नसले की ती अकलूज, इंदापूर, बारामती अशी पुढे सरकतात. बारामतीत आता बहुमजली इमारती भरपूर आहेत आणि दर चार-पाच वर्षांनी त्यांना बाहेरून रंग लागतो. दोरावर बांधलेल्या झुल्यावर बसून सहाव्या मजल्याची भिंत रंगवणारा मुलगा कोणत्या वस्तीतला आहे, हे खालून दिसत नाही. दिसत नसले तरी आपल्याला माहीत असते.

मध्यंतरी आम्ही अशाच एका मुलाला भेटायला गेलो होतो. गोठ्यावरचा सिमेंटचा पत्रा बदलताना जुना पत्रा पायाखाली फुटला आणि तो सरळ खाली आला. खुबा मोडला, मनगट मोडले. आम्ही विचारले, "कामावर कुणी ठेवलं होतं?" तो जरा थांबला. म्हणाला, "ताई, काम चुलत्यानं उक्तं घेतलं होतं. घरमालक चांगला माणूस हाय, दवाखान्यात वीस हजार भरलं त्यानं." केसपेपर पाहिला तर त्यावर लिहिले होते, 'घरी पडून दुखापत.' कुणी लिहायला लावले असे विचारल्यावर आई म्हणाली, "पोलिसाचं लफडं नको म्हणून आम्हीच सांगितलं."

त्या एका ओळीने पुढचे सगळे दरवाजे बंद होतात. हा लेख त्या ओळीबद्दल आहे.

इंदापूर तालुक्याला हे नवीन नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये म्हसोबाचीवाडीत विहिरीचे काम चालू असताना कडेची माती ढासळली आणि बेलवाडीचे चार मजूर आत गाडले गेले. पोकलेन आले, एनडीआरएफचे पथक आले, मृतदेह हाती लागायला काही दिवस गेले. त्या दिवसांत आमच्या आसपास चर्चा चालायची ती विहीर किती खोल होती, माती कशी होती, याची. त्या चौघांना तिथे उतरवण्याआधी त्यांच्या सुरक्षिततेचा विचार करणे कायद्याने कुणाचे काम होते, हे विचारणारे थोडे होते. घराच्या डागडुजीत तर तेवढीही चर्चा होत नाही, कारण तिथे एका वेळी एकच माणूस पडतो.

कायदा काय सांगतो ते आधी पाहू. १९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा फक्त नव्या बांधकामापुरता होता असा समज आहे. तो चूक आहे. त्याच्या व्याख्येत बांधकामासोबत दुरुस्ती, देखभाल आणि पाडकामही होते. म्हणजे रंगारी, वॉटरप्रूफिंगवाला, पत्रे बदलणारा, सगळे त्यात बसत. मात्र बाहेर पडायला दोन वाटा होत्या. कामावर दहापेक्षा कमी कामगार असतील तर कायदा लागू नाही. आणि एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या राहत्या घराचे काम काढले असेल व त्याचा खर्च दहा लाखांपर्यंत असेल तर तेही बाहेर.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. १९९६ चा कायदा त्यात विरघळला आणि सुरक्षेचा भाग व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत गेला. दहा कामगारांची अट तशीच राहिली. दहा लाखांचे मात्र पन्नास लाख झाले. आणखी एक बदल झाला, त्याकडे फार लक्ष गेलेले नाही. आधी सूट एका व्यक्तीच्या राहत्या घराला होती. आता व्याख्येत 'व्यक्ती किंवा व्यक्तींचा गट' असे शब्द आले आहेत. वीस फ्लॅटच्या सोसायटीने बारा-पंधरा लाखांचे बाहेरून रंगकाम काढले, तर 'आम्हीही स्वतःच्या राहण्यासाठी काम करणारा व्यक्तींचा गटच आहोत' असे ती म्हणू शकेल. ते टिकेल की नाही हे न्यायालये ठरवतील. तोपर्यंत ठेकेदाराच्या वकिलाला एक वाक्य आयते मिळाले आहे.

नरसिंहपुरात पन्नास लाखांची डागडुजी कुणी केल्याचे आम्ही ऐकलेले नाही. बारामतीतही एखाद्या मध्यम सोसायटीचे रंगकाम त्या आकड्याच्या जवळ जात नाही. सुरक्षा जाळी, पट्टा, दोर, परांची यांचे नियम आणि ते तपासणारा अधिकारी या दोन्ही गोष्टी या कामांपासून आधीही लांब होत्या. आता त्या कागदावरही लांब गेल्या.

सूट द्यायलाच नको होती असे आमचे म्हणणे नाही. घरकुल मिळालेल्या आपल्या माणसाने दोन खोल्या बांधताना नोंदणी, उपकर आणि तपासणीच्या फेऱ्यात अडकावे, हे आम्हालाही मान्य नाही. पण कागदपत्रांतून सूट आणि माणूस वरून पडू नये याची काळजी घेण्यातून सूट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्याने त्या एकाच गाठोड्यात बांधल्या. ब्रिटनमध्ये २००५ पासून उंचीवरच्या कामाचे वेगळे नियम आहेत. तिथे किमान उंचीची अट नाही, आणि जबाबदारी मालकासोबतच दुसऱ्याच्या कामावर नियंत्रण ठेवणाऱ्यावरही येते. उंचीवर चढणे टाळता येत असेल तर टाळा, येत नसेल तर पडणे रोखा, तेही जमत नसेल तर पडल्यावरची इजा कमी करा, असा त्यांचा क्रम आहे. आपल्याकडे क्रमच नाही. आपल्याकडे 'जपून रे' आहे.

आता भरपाईकडे येऊ, कारण इथे चित्र वेगळे आहे आणि आपल्या कार्यकर्त्यांपैकी बऱ्याच जणांना ते ठाऊक नसते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात एक नोंद आहे. एका मजल्याहून उंच असलेल्या, किंवा जमिनीपासून छपराच्या टोकापर्यंत बारा फूट वा त्याहून अधिक उंच असलेल्या इमारतीचे बांधकाम, देखभाल, दुरुस्ती किंवा पाडकाम करणारा माणूस भरपाईला पात्र आहे. बारा फूट म्हणजे किती? आपल्याकडचा बराचसा गोठा, शेड आणि पत्र्याचे घरही त्यात येते. पूर्वी 'तो काय, एका दिवसापुरता बोलावला होता' म्हणून मालकाला सुटता यायचे. २००० सालच्या दुरुस्तीने नैमित्तिक कामगाराला वगळणारे ते शब्द काढून टाकले. आता हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, पण त्याची चौकट बहुतांशी तीच आहे.

रकमेचा हिशोब जुन्या कायद्यातल्या तक्त्याने करून पाहू. मृत्यू झाल्यास महिन्याच्या मजुरीच्या निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक. २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे मजुरी जास्तीत जास्त १५,००० धरली जाते. वय तीस असेल तर गुणांक २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५,५९,८५० रुपये. आता हा आकडा वस्तीत 'समजूत' म्हणून मिळणाऱ्या पन्नास हजार किंवा लाखाच्या शेजारी ठेवून पाहा. मयताच्या दिवशी, तेराव्याआधी, दोन गाड्या येतात, चार प्रतिष्ठित बसतात, स्टॅम्प पेपर पुढे सरकतो आणि 'आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही' यावर अंगठा होतो. तो स्टॅम्प पेपर भरपाईचा हक्क संपवत नाही. हक्क सोडून देणारा करार रद्दबातल आहे, असे १९२३ च्या कायद्याचे कलम १७ सांगते. मृत्यूची भरपाई मालकाने घरच्यांच्या हातात परस्पर देऊन चालत नाही, ती आयुक्तांकडे जमा करावी लागते. म्हणजे सही झाली असली तरी दावा करता येतो. हे लोकांना सांगणारे कुणी नसते, इतकाच प्रश्न आहे.

'तो प्यायला होता' हे दुसरे हत्यार. गावात कुणी पडला की तासाभरात ही बातमी पसरते, खरी असो वा नसो. माणूस मेला असेल किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला असेल तर दारूचा मुद्दा मालकाला भरपाईतून सोडवू शकत नाही. पट्टा दिला होता पण त्याने बांधला नाही, हा मुद्दाही अशा वेळी चालत नाही. कमी गंभीर दुखापतीत मात्र हे मुद्दे मालकाच्या कामी येतात. म्हणून केसपेपरवर काय लिहिले जाते आणि पंचनाम्यात काय येते, याला एवढे महत्त्व आहे.

खरी गाठ मात्र पुढे आहे. मालक कोण?

घरवाल्याने थेट रोजावर बोलावले असेल तर मालक तो. काम ठेकेदाराला दिले असेल तर मालक ठेकेदार. आपल्या धंद्यासाठी ठेकेदार नेमणाऱ्या मूळ मालकालाही कायदा पकडतो, पण घराला रंग लावणे हा घरवाल्याचा धंदा नाही, म्हणून तो सहसा त्या पकडीतून निसटतो. राहतो कोण? उक्ते काम घेणारा चुलता. तो स्वतः रंगारी आहे, त्याच्याकडे एक शिडी, दोन डबे आणि जुनी मोटारसायकल आहे. पंधरा लाखांचा हुकूम त्याच्यावर झाला तरी तो कुठून भरणार? आणि पुतण्याने चुलत्यावर दावा लावायचा म्हणजे वस्ती दोन तुकड्यांत फुटणार. आम्ही ज्या मुलाला भेटलो, त्याच्या घरात हेच अडले होते. ज्याच्या गोठ्यावर तो पडला तो गृहस्थ वीस हजार देऊन 'चांगला माणूस' ठरला होता, आणि पंधरा दिवसांनी घरात चुलत्याचे नाव निघाले की भांडी आपटत होती.

ठेका म्हणजे फक्त कामाची वाटणी नसते. जबाबदारी वरून खाली सोडण्याची ती एक पन्हाळ असते, आणि पन्हाळीच्या तळाशी कोण उभे असते हे आपल्याला जात सांगते.

पन्हाळ उलटी फिरवता येते, याचे एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका खासगी सोसायटीत सेप्टिक टँक साफ करायला उतरलेले तीन कामगार गुदमरून मेले. त्यांच्या विधवा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. काम खासगी सोसायटीचे होते, माणसे ठेकेदाराची होती, मग सरकारचा संबंध काय, असा प्रश्न होताच. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकीला दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. आधी सरकारने द्यावेत, नंतर जबाबदार असतील त्यांच्याकडून वसूल करावेत. याचा अर्थ असा की ठेकेदार, सोसायटी आणि सरकार एकमेकांकडे बोट दाखवत असताना त्या बाईने थांबून राहायचे नाही. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलराम सिंग खटल्यात गटारातल्या मृत्यूची भरपाई तीस लाखांवर नेली.

आता त्याच सोसायटीची कल्पना करा. टाकीत उतरलेला माणूस मेला तर त्याच्यामागे २०१३ चा कायदा आहे, सर्वोच्च न्यायालय आहे, तीस लाखांचा आकडा आहे. ती जागाही सहज मिळालेली नाही, सफाई कामगारांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे मृतांची नावे मोजली म्हणून मिळाली. त्याच दिवशी त्याच इमारतीच्या पाचव्या मजल्याच्या झुल्यावरून कुणी पडला, तर त्याच्यामागे काय आहे? एक तक्ता, जो घरच्यांना माहीत नाही, आणि एक चुलता. पडणाऱ्यांची नावे मोजणारी चळवळ आपल्याकडे नाही.

मोठ्या कामांवर सगळे आलबेल आहे असेही नाही. १० सप्टेंबर २०२३ ला ठाण्यात बाळकुमला चाळीस मजली निवासी इमारतीच्या छतावरचे वॉटरप्रूफिंग उरकून खाली येणाऱ्या कामगारांची लिफ्ट कोसळली आणि सात जण गेले. तिथे सगळे कायदे लागू होते. पण तिथे निदान मालक कोण हे शोधावे लागले नाही.

पट्ट्याबद्दलही थोडे बोलायला हवे, कारण 'बेल्ट द्या' एवढी मागणी करून आपण मोकळे होतो. बांधकाम कामगार मंडळाच्या सुरक्षा संचातून आपल्या अनेक मुलांना हार्नेस मिळालेले आहेत. ते कुठे आहेत? खुंटीला. कारण वर गेल्यावर तो अडकवायचा कशाला? पट्ट्याचे दुसरे टोक माणसाचे वजन पडताना झेलील अशा ठिकाणी बांधलेले हवे. पाण्याची टाकी, डिशचा खांब, गच्चीचा वीटकामाचा कठडा ही अशी ठिकाणे नव्हेत. झुला ज्या दोरावर आहे त्याच दोराला पट्टा अडकवला तर दोर तुटल्यावर दोन्ही एकदम जातात. जीवदोर वेगळा हवा आणि वेगळ्या ठिकाणी बांधलेला हवा. नुसता कमरेचा पट्टा पडताना पोट आणि पाठीचा कणा दुखावतो, म्हणून खांदे-मांड्यांतून येणारा पूर्ण हार्नेस. आणि माणूस हार्नेसमध्ये लटकून राहिला तर त्याला काही मिनिटांत खाली घ्यावे लागते, नाहीतर पायांत रक्त साचून तो तसाच दगावू शकतो. खाली एकटी घरमालकीण असेल तर हे कोण करणार?

सिमेंटच्या पत्र्यावर तर पट्ट्याआधी फळी लागते. जुना पत्रा वरून धडका दिसतो आणि पायाखाली पापडासारखा फुटतो. दोन-तीन कैच्यांवर टेकेल अशी लांब फळी टाकून तिच्यावरूनच चालायचे, किंवा शक्य असेल तर खालून परांची करून काम करायचे. फळीला पैसे लागत नाहीत. तो मुलगा म्हणाला, फळी गोठ्यातच होती, कडब्याखाली.

या सगळ्यात आपला समाज फक्त पडणाऱ्याच्या बाजूला उभा आहे, असे आम्हाला वाटत होते. मग लक्षात आले की आपण नेमणारेही आहोत. आता आपल्यातही शिक्षक आहेत, बँकेत आहेत, बारामतीत फ्लॅट घेतलेले आहेत, सोसायटीच्या कमिटीवर आहेत. आणि विहार? जयंतीच्या आधी विहाराच्या शिखराला रंग कोण देतो? निळ्या पताका विजेच्या खांबावर चढून कोण बांधतो? सोळा-सतरा वर्षांची पोरे, अनवाणी, तोंडात सुतळी धरून. आपण खालून त्यांचे फोटो काढतो. त्यातले एखादे पडले, तर मंडळाच्या पावतीपुस्तकात त्याचे नाव कोणत्या रकान्यात असेल?

सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी सहा दिशा सांगितल्या. त्यात नोकर-कामगारांबद्दल मालकाची पाच कर्तव्ये आहेत, आणि त्यात माणसाच्या ताकदीप्रमाणे काम नेमून देणे व आजारपणात त्याची काळजी घेणे ही दोन येतात. विहारात हे सुत्त आपण कौटुंबिक प्रवचनासाठी वापरतो. बाबासाहेब १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले. फाइलवर सही करायच्या आधी माणूस कुठे काम करतो ते बघून यायचे, एवढाच त्यातला भाग इथे आठवावासा वाटतो.

कुणी पडल्याचा फोन आला तर काय करायचे, यावर आमच्या गटात आता थोडी शिस्त आली आहे. पहिला माणूस दवाखान्यात जातो आणि केसपेपरवर 'कामावर असताना, अमुक ठिकाणी, इतक्या उंचीवरून' हे लिहून घेतो. दुसरा जागेवर जातो, फोटो काढतो, शिडी आणि पत्र्याची जाडी सकट. पोलिसांत नोंद होतेच होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण आमचा रोख शिक्षेपेक्षा नोंदीवर असतो, कारण नोंद नसेल तर दावा उभा राहत नाही. कामावर कुणी बोलावले, पैसे कुणी ठरवले, फोनवर काय निरोप आला होता, हे मोबाइलमधून जपून ठेवायचे. भरपाईच्या दाव्याला १९२३ च्या कायद्यात दोन वर्षांची मुदत होती, त्याच हिशोबाने धावायचे. मुलगा मंडळाकडे नोंदलेला असेल तर कामावरच्या अपघाती मृत्यूला तिथून पाच लाख मिळतात, ते वेगळे. त्यासाठी नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला आधीच तयार असावा लागतो, माणूस गेल्यावर नव्हे.

आणि उक्ते काम घेणाऱ्या आपल्या चुलत्या-मामांशी बोलायचे. त्यांना आम्ही दोन गोष्टी सांगतो. काम ठरवताना परांची, फळी आणि दोराचे पैसे दरात वेगळे मागा, आणि थोड्या दिवसांसाठीही कामगार भरपाईची विमा पॉलिसी मिळते ती काढून तिचा हप्ता मालकाकडून घ्या. पहिल्या वर्षी एकाने ऐकले. त्याला दोन घरांनी काम दिले नाही, तिसऱ्याने दिले.

त्या मुलाच्या केसपेपरचे काय झाले, असे कुणी विचारेल. डॉक्टरांनी दुरुस्ती करायला आधी नकार दिला, मग मुलाचा आणि सोबत काम करणाऱ्याचा जबाब जोडून नवी नोंद घेतली. चुलता स्वतः जबाब द्यायला आला. घरमालकाला नोटीस गेली आहे. त्याने वीस हजारांची पावती मागितली आहे.

नरसिंहपूरच्या आसपासच्या एका विहार कमिटीला आम्ही यंदा बुद्ध पौर्णिमेआधी विचारले, रंगकामाला कोण चढणार आहे? सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी गवंडी असलेल्या एका काकांनी गच्चीच्या काँक्रीटच्या बीममध्ये चार लोखंडी कड्या बसवायचा खर्च काढून दिला. पताकांच्या खर्चाहून तो कमी निघाला. कड्या बसल्या आहेत. दोर अजून यायचा आहे, तोवर शिखर तसेच बिनरंगाचे आहे.